कागदाची शाळा: हस्तकलेच्या बाईंना विचारा

गेल्या महिन्यात या पानावर उघडली की उभी राहणारी कागदी शाळा दिली होती. कार्डशीटचं एक ए-फोर पान मधोमध दुमडायचं, घडीच्या बाजूने एकमेकांपासून ८ सेंटिमीटर अंतरावर ५-५ सेंटिमीटर लांबीचे दोन काप द्यायचे, मधली पट्टी आतल्या बाजूला ढकलून पायरी करायची आणि त्या पायरीच्या समोरच्या अंगावर शाळेचं दर्शनी चित्र चिकटवायचं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना आज उत्तरं देते. काही पत्रं वेगळीच होती, तीही घेतली आहेत.

बाई, तुमची शाळा केली. उघडल्यावर छान उभी राहते, पण कार्ड मिटलं की छप्पर बाहेर येतं. मी चित्र १२ सेंटिमीटर उंच घेतलं होतं. मुलीने बाहेर आलेला भाग कापून टाकला आणि मग बिनछपराची शाळा बघून रडत बसली. — एक आई, बार्शी

ताई, चित्राची उंची किती घ्यायची हे मी लिहायला हवं होतं. ती चूक माझी आहे, तुमच्या मुलीला तसं जरूर सांगा.

शाळा घडीपासून ५ सेंटिमीटर पुढे उभी आहे. कार्ड मिटताना ती पुढच्या बाजूला आडवी होते, म्हणजे तिचं छप्पर घडीपासून ५ अधिक १२, असं १७ सेंटिमीटरवर जातं. ए-फोर पान २९.७ सेंटिमीटर लांब असतं, दुमडल्यावर त्याचं १४.८५ उरतं. म्हणून दोन सेंटिमीटरहून थोडं जास्त छप्पर बाहेर आलं. कापाची लांबी आणि चित्राची उंची मिळून १४ च्या आसपास ठेवायची. काप ५ चा असेल तर चित्र ९ चं. मुलीला उंचच शाळा हवी असेल, दुमजली, तर काप २ चा द्या आणि चित्र १२ चं ठेवा. फक्त मग पायरी अरुंद होते आणि शाळेपुढे मैदान जास्त मिळतं.

पण हे सगळं तिला आधी सांगू नका. नवं कार्ड करायला घ्या, चित्र टाचणीने तात्पुरतं लावा, कार्ड अगदी हळूहळू मिटायला सांगा आणि छप्पर कुठे सरकतं ते तिलाच बघू द्या. चौथीतल्या मुलीला पट्टी हातात घेऊन हे शोधता येतं. माझ्या वर्गात एकदा हे एका मुलाला सापडलं, तेव्हा त्याने पुढचा आठवडाभर घरातल्या प्रत्येक दारामागे पट्टी धरून दार कुठवर उघडतं ते मोजलं होतं.

आणखी एक. कार्डशीट नुसतं दुमडलं की घडीवर फाटल्यासारखं पांढरं दिसतं. शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून घडीच्या रेघेवरून एकदा दाबून फिरवा आणि मग दुमडा. रिकामी पेनं टाकू नका, हस्तकलेच्या डब्यात ठेवा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सात वर्षांची आहे, रविवारी मराठी शाळेत जाते. तिला मी माझी गावची शाळा कागदाची करून दाखवायची म्हणतो. इथे ए-फोर कागद मिळत नाही. आणि गावची शाळा दाखवायची म्हणजे नेमकं काय काय दाखवू? — एक वडील

तुमच्याकडचा लेटर कागद साडेआठ बाय अकरा इंची, म्हणजे ए-फोरपेक्षा थोडा रुंद आणि जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर आखूड. दुमडल्यावर १४ सेंटिमीटरही पुरते भरत नाही. म्हणून काप ५ चा ठेवलात तर चित्र साडेआठाच्या वर नेऊ नका. चौरस करायचा असेल तर एक कोपरा समोरच्या लांब कडेवर दुमडून उरलेली पट्टी काढायची, हे दोन्ही कागदांना सारखंच. ए-फोरमधून ८.७ सेंटिमीटरची पट्टी उरते, तुमच्याकडे अडीच इंचांची. ती फेकू नका, कुंपण तिचंच होतं.

आता शाळा. तुमची शाळा मी पाहिली नाही, माझी सांगते. लांबट एकच इमारत, पुढे पडवी, पडवीला चार खांब. वर्गाच्या दोन खोल्या आणि तिसरी कुलूपबंद, तिच्यात तुटके बाक. छप्पर पन्हळी पत्र्याचं. हे छप्पर कागदात फार छान होतं: राखाडी कागदाला अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे-मागे घड्या घालायच्या, पंख्याला घालतो तशा, आणि थोडा ताणून चिकटवायचा. पडवीच्या खांबांसाठी कागदाच्या सुरळ्या. भिंतीवर खालून हातभर पट्टा निळा किंवा तपकिरी, वर पिवळा, आणि दारावर एक सुविचार. तो सुविचार तुमच्या शाळेत खरोखर जो होता तोच लिहा.

घंटा विसरू नका. आमच्याकडे घंटा म्हणजे लिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, त्यावर लोखंडी सळीने ठोका द्यायचा. पुठ्ठ्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा काळा रंगवा आणि दोऱ्याने झाडाला टांगा. मुलगी हे काय म्हणून विचारेल, आणि मग तुम्हाला हवी ती सगळी गोष्ट सांगता येईल.

झेंड्याबद्दल एवढंच की इतक्या लहान आकारात अशोकचक्राचे २४ आरे मुलाला काढता येत नाहीत आणि नुसता निळा ठिपका देऊन झेंडा करावा हे मला पटत नाही. चबुतरा आणि काठी करा. झेंडा वेगळा, वहीच्या पानाएवढा, तीनास दोन या मापात करू द्या आणि तो नंतर केरात जाणार नाही हे बघा.

नातवंडांसाठी खळ करतो, पण घोटीव कागद चिकटवला की सुरकुत्या पडतात. विकतचा पांढरा गोंद वापरला तरी तेच. आमच्या लहानपणी असं होत नसे. — एक आजोबा, सांगली

आजोबा, सुरकुती पाण्याची असते, गोंदाची नसते. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला निजतात. ओले झाले की ते रुंदीला फुगतात, लांबीला फारसे वाढत नाहीत. म्हणून कागद एकाच अंगाने वाढतो आणि खालचा पुठ्ठा त्याला जागा देत नाही. खात्री करायची तर कागदाचा छोटा चौकोन कापून एका बाजूने पाण्याचं बोट फिरवा. त्याची सुरळी होईल. सुरळीची लांबी ज्या दिशेला, तंतू त्या दिशेला. घडीसुद्धा त्या दिशेला घातली की सरळ आणि स्वच्छ पडते, आडवी घातली की कुरकुरते. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे, तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो. हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, त्यामुळे तो असा एका अंगाने वळत नाही. तुमच्या लहानपणीचा कागदही कदाचित जाड होता.

खळ घट्ट करा. दोन चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, एक वाटी उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचा आणि पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक येईपर्यंत ढवळायचा. गार झाल्यावर चिमूटभर तुरटीची पूड. फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. पूर्वी पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत, वाळवी लागू नये म्हणून. तो विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको. ब्रशने लावून जुन्या पोस्टकार्डाने जादा खळ निपटून काढा, कागद मधून कडेकडे दाबत न्या आणि वर जाड पुस्तकांची चळत रात्रभर ठेवा. मुलं लगेच उचलून बघायला मागतात. तेव्हा त्यांना दुसरं काम द्या.

मुलगा पाच वर्षांचा, डावखुरा. कातरकाम सगळं वेडंवाकडं होतं. बालवाडीत उजव्या हाताने काप म्हणतात. — एक आई, कणकवली

हात बदलू नका. साध्या कातरीची पाती उजव्या हातासाठी बसवलेली असतात. डाव्या हातात ती दाबाने एकमेकांपासून फाकतात, कागद कापला न जाता मधे दुमडतो, आणि रेघही वरच्या पात्याआड जाते. म्हणजे मुलगा आंधळेपणाने कापतोय. डावखुऱ्यांची कातर वेगळी मिळते, बोथट टोकाची घ्या आणि बालवाडीतही तीच पाठवा. वळणावर कातर वळवायची नसते, दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा, हे त्याला एकदा हात धरून दाखवा.

तोवर फाडकाम करू दे. वर्तमानपत्र उभं फाडलं की सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वाकडी. हे त्याला सांगितलं की तो सबंध रविवारची पुरवणी संपवील. उभ्या पट्ट्यांचं कुंपण, वाकड्या तुकड्यांचं झाड.

शाळेतून 'माझी शाळा' ही प्रतिकृती करून आणायला सांगितली. वर्गातल्या बऱ्याच जणांनी दुकानातून तयार आणली. माझ्या मुलाने खोक्यांची केली, ती खरंच ओबडधोबड आहे. पाठवू का, की मी रात्री बसून थोडी नीट करून देऊ? — एक आई, नाशिक

पाठवा. हात लावू नका.

ताई, मी हे इतकं ठामपणे का सांगते ते लिहिते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी माण तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत होते. रंगीत कागद तालुक्याला गेलं तरच मिळायचा, म्हणून आम्ही लग्नपत्रिका, औषधांची खोकी आणि मागच्या वर्षीच्या दिनदर्शिका वापरायचो. दिनदर्शिकेच्या पानाची मागची पांढरी बाजू फार उपयोगी. तिसरीतल्या एका मुलीने काडेपेट्यांचे बाक करून वर्ग केला. बाक तिरके होते आणि फळा खोलीच्या मानाने केवढा तरी मोठा. दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख येणार होते. मी शाळा सुटल्यावर बाक काढून सरळ रेषेत चिकटवले आणि फळा कापून लहान केला. सकाळी तिने तो वर्ग पाहिला, काही बोलली नाही. भेट झाल्यावर सगळ्यांनी आपापल्या वस्तू घरी नेल्या, तिचा वर्ग मात्र कपाटावरच राहिला. दोनदा सांगितलं तरी तिने नेला नाही. फळा मोठा का होता ते मी विचारलंच नव्हतं. ती शेवटच्या रांगेत बसायची. तिला चष्मा हवा होता हे वर्षाअखेरीस कळलं.

बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पानं, बिया, शिंपले, जे मुलाच्या हाताशी असेल ते त्यांचं साहित्य होतं. तुमच्या मुलाची खोकी त्याच जातीची आहेत. दुकानातल्या प्रतिकृती बऱ्याचदा थर्माकोलच्या असतात, आणि सजावटीसाठी थर्माकोल वापरायला राज्यात २०१८ सालीच बंदी आली आहे.

बाईंना वहीत दोन ओळी लिहून द्या: हे त्याने एकट्याने केलं आहे, कोणती खोकी कुठे वापरली ते तो सांगेल. बहुतेक शिक्षकांना असं मूल वर्गापुढे उभं करायला आवडतं. तुम्हाला काही करायचंच असेल तर शाळेत नेताना मोडू नये म्हणून खालचा पुठ्ठा जाड द्या.

बाई, मी तिसरीत आहे. मी कागदाचं दप्तर केलं. पण ते चपटं आहे. त्यात वह्या घातल्या की फाटतं. — एक विद्यार्थिनी, उदगीर

तू दप्तराला कुशी दिली नाहीस ना, म्हणून फाटतं. तुझं खरं दप्तर बाजूने बघ, तिथे कापडाची एक पट्टी असते. तशीच आपण करू.

खाकी कव्हरचा कागद ए-फोर एवढा काप आणि उभा धर. वरची ७ सेंटिमीटर झाकणासाठी सोड, उरलेला भाग खालून वर दुमड. आता दप्तर साधारण ११ सेंटिमीटर उंच झालं. कडा चिकटवू नकोस. ४ सेंटिमीटर रुंद आणि ११ लांब अशा दोन पट्ट्या काप. प्रत्येक पट्टीला लांबीत तीन घड्या घाल, पुढे-मागे-पुढे, म्हणजे चार सारखे भाग होतील. अशी पट्टी दप्तराच्या एका कडेला आत ठेव. पट्टीचा पहिला भाग पुढच्या कागदाला चिकटव, चौथा मागच्या, मधले दोन मोकळे. दुसऱ्या कडेलाही तसंच. वाळू दे. मग बंद लाव: २ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या, पाठीमागे.

वह्यांसाठी साधा ए-फोर कागद अर्धा, परत अर्धा, परत अर्धा दुमड. उघडलास की आठ घरं दिसतील. आता आखूड कडा एकमेकींवर येतील असा एकदाच दुमडून घडीच्या बाजूने मधल्या रेघेवर एका घरापुरतं काप. उघड, लांबीत दुमड आणि दोन्ही टोकं आत ढकल, मधे फुली होईल, ती मिटली की आठ पानांची वही. ती साडेदहा सेंटिमीटर उंच होते, तुझ्या दप्तरात बरोबर मावते. शेजारी-शेजारी दोन राहतील, एकावर एक चार-चार ठेवल्यास तरी कुशी ताणून घेईल.

एक वही हजेरीची कर. घरातल्या सगळ्यांची नावं लिही, आजीचं सगळ्यात वर. रोज संध्याकाळी दिवे लागले की नाव पुकार, आणि आजी 'हजर, बाई' म्हणते का ते मला कळव.