टॅबलेट खोलणाऱ्या मुलाला कुठे घालू?

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. गणित बरं, भाषा कच्ची. टच बंद पडलेला घरातला जुना टॅबलेट त्यानं खोलला, आतली स्ट्रिप काढून पुसून परत लावली, आणि टच चालू झाला! आता सारखा विचारतो, हातमोजा घातला की टच का चालत नाही? नातेवाईक म्हणतात, कोडिंगचा क्लास लावा. काय करू?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, त्याच्या हातमोज्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

काचेखाली डोळ्यांना न दिसणारी उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते, बहुतेक वेळा इंडियम टिन ऑक्साइडची. तिच्यावर थोडा विद्युतभार असतो. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, म्हणून बोट टेकलं की तिथला भार किंचित बदलतो. एक चिप सेकंदात कितीतरी वेळा ही जाळी तपासत असते. कोणत्या उभ्या आणि कोणत्या आडव्या रेघेवर बदल झाला, ते तिला लगेच कळतं. जाड हातमोजा मध्ये आला की हा बदल फारच कमी होतो. त्यानं पुसून लावलेली स्ट्रिप हीच खबर मदरबोर्डपर्यंत नेते. उद्या त्याला हातात काकडी धरून तिचं टोक स्क्रीनवर टेकवायला सांगा. टच चालेल. मग प्लॅस्टिकचं पेन टेकवू दे. का चालत नाही, ते तोच तुम्हाला सांगेल.

असा मुलगा मला फार आवडतो. कोडिंग वाईट नाही, पण त्याचा जीव काचेच्या आत काय चाललंय यात अडकलाय. दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा तीन वर्षांचा डिप्लोमा हा माझा पहिला सल्ला. तिथे प्रोग्रॅमिंगही येतंच. गुण कमी पडले तर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड घ्या. तो दोन वर्षांचा आहे, आणि नंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आयटीआयला कमी लेखू नका. क्लासचे पैसे तूर्त राहू द्या. एक मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) आणि चांगला सोल्डरिंग आयर्न (डाग देऊन तारा जोडायचं साधन) घेऊन द्या. भाषेकडे मात्र लक्ष हवं, डिप्लोमाची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात.

आणि एक आजच बघा. त्या जुन्या टॅबलेटची बॅटरी फुगलेली असेल, तर त्याला हात लावू देऊ नका. लिथियमची बॅटरी टोचली किंवा वाकली तर पेट घेऊ शकते. ती दुकानातल्या माणसाकडूनच काढून घ्या.