वाचकांचे प्रश्न : आयुष्यभर साथ दिलेलं पुस्तक

प्रश्न : ज्या पुस्तकाने मला वाचनाची गोडी लावली, त्याची जुनी प्रत पावसाळ्यात बुरशीने माखली आहे. कसरही दिसते. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सेलोटेप नकोच! तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो.

आधी प्रत इतर पुस्तकांपासून वेगळी ठेवा. पानं मोकळी करून पंख्याखाली, सावलीत पूर्ण वाळवा. ओली बुरशी पुसली तर ती कागदात आणखी पसरते. वाळल्यावर मास्क लावून, गॅलरीत मऊ ब्रशने झटका.

कसरीसाठी कोरडं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. इथेच बहुतेकांची घाई होते आणि गार कागदावर पाणी धरतं.

फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद (पुस्तकदुरुस्तीसाठी वापरतात तो लांब तंतूंचा, चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ, तीही अगदी थोडी. पिवळेपणा मात्र जाणार नाही. तो कागदातल्या आम्लाचा.

कपाट पावसाची झड लागणाऱ्या भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहील असं बघा.