आजीची अहिराणी बंद करू का?

घरात दोन-तीन भाषा चालतात म्हणून तर मूल बोलायला मागे पडलं नसेल ना? नाशिकमधले आई-बाबा मला हे सारखं विचारतात. त्यांच्यासाठी आदूची गोष्ट सांगते (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत).

आदू साडेचार वर्षांचा. घर सिडकोत, आई-बाबांची मराठी, सटाण्याकडच्या आजींची अहिराणी, शाळा इंग्रजी माध्यमाची. तो तुटक बोलायचा. शाळेतून निरोप आला, घरी फक्त इंग्रजी बोला. तेव्हापासून चार महिने आजी नातवाशी जवळजवळ बोलल्याच नव्हत्या. माझ्यासमोर बसल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "माझ्यामुळं झालं का हो ताई?"

नाही, आजी. दोन भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही. अशा मुलाचे शब्द दोन भाषांत वाटले गेलेले असतात, एकाच भाषेतले मोजले तर कमीच भरणार.

आधी कान तपासून घेतले. पडद्यामागे पाणी साचलं की कमी ऐकू येतं, पण मूल हाकेला वळतं म्हणून घरात कुणाला शंका येत नाही. आदूचे कान ठीक निघाले. मग वाचा-भाषा तज्ज्ञांकडे पाठवलं, सोबत मीही बसले. जीन बर्को या संशोधिकेने 1958 मध्ये मुलांना काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून, बनवलेल्या नावाचं अनेकवचन विचारलं होतं. पाठ नसलेल्या शब्दालाही मूल नियम लावतं का, हे त्यातून कळतं. आम्ही तेच मराठीत केलं. "हा एक टुमा. आता हे दोन...?" "टुमे" म्हणायच्या जागी आदू "टुमा, टुमा" म्हणाला. टुम्याला खाऊ दे, म्हणायला सांगितलं तर "टुमा खाऊ".

मग आजींना त्यांच्या भाषेत त्याच्याशी बोलायला सांगितलं. तिथेही तो तसाच अडकला. माझ्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं होतं. अडचण फक्त इंग्रजीत असती, तर ती भाषा त्याच्या कानावर कमी पडली एवढाच अर्थ निघाला असता. पण त्याला जन्मापासूनच्या भाषेतही वाक्य बांधता येत नव्हतं. तज्ज्ञांनी निदान केलं, विकासात्मक भाषा विकार. बुद्धी आणि कान ठीक असूनही भाषा अडते, शंभरात साधारण सात मुलांची. 2016-17 च्या सुमारास डोरोथी बिशप आणि इतर अभ्यासकांच्या सहमतीने हे नाव रुळलं. आईबापाचं काही चुकल्यामुळे तो होत नाही, हे ऐकून आदूची आई खूप रडली.

अहिराणी त्याच दिवशी परत सुरू झाली. आजी शेंगा सोलायला बसल्या की आदू जवळ. तो म्हणे "आजी शेंग", आजी तेच पूर्ण वाक्यात परत म्हणत. "नीट बोल" हे दोन शब्द मी घरातून हद्दपार करायला सांगितले. जोडीला आठवड्यातून दोनदा थेरपी.

आणि हो, दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासही शब्द नसतील, दोन शब्द जोडत नसेल, तर "त्याचा बापही उशिरा बोलला" म्हणून थांबू नका. बरीच मुलं आपोआप भरून काढतात, पण कोणती काढतील हे त्या वयात नक्की सांगता येत नाही.

आदूचे प्रत्यय अजून गळतात, वाक्यं मात्र लांबली आहेत. शाळेला हे सगळं अजून पटलेलं नाही. पुढच्या आठवड्यात आजी स्वतः बाईंना भेटायला जाणार आहेत.