वाचकांचे प्रश्न : स्पॅनिश शिकत परमुलखात घर मांडताना

अमरावती, यवतमाळ, वर्धा आणि वाशीम जिल्ह्यांतील खेड्यांमधून स्पॅनिश भाषिक देशांत जाणाऱ्या किंवा तेथे नुकत्याच पोहोचलेल्या वाचकांची, तशीच त्यांच्या घरच्यांची पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी कृषी पदवीधर आहे. घरी संत्र्याचा बगिचा आहे. स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात लिंबूवर्गीय फळांचे पुढील शिक्षण घेण्याची संधी मला मिळाली आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून इंग्रजी वाचता येते, पण बोलताना अडखळतो. आधी इंग्रजी पक्के कर, मग स्पॅनिशच्या नादी लाग, असे सगळे सांगतात. त्यातून माझी बोली वऱ्हाडी. मी काय करावे? (एक वाचक, ता. मोर्शी)

उत्तर : सगळे सांगतात तो सल्ला मनावर घेऊ नका. अभ्यासक्रमापुरते इंग्रजी लागणार असेल तर ते अवश्य सुधारा, परंतु स्पॅनिशच्या दारात जाण्यासाठी इंग्रजीचा उंबरठा ओलांडावाच लागतो, हा समज खरा नाही. मोबाइलवरील बहुतेक ॲपांत स्पॅनिशचे धडे इंग्रजीतून मिळतात, म्हणून तसे वाटते एवढेच. अनेक बाबतींत तर मराठी माणूस इंग्रजीच्या आडवाटेने गेला की स्पॅनिश अवघड होते, आणि थेट मराठीतून गेला की बरेच सोपे होते.

'मला संत्री आवडतात' हेच वाक्य घ्या. इंग्रजीत ज्याला आवडते तो कर्ता होतो, आणि त्या वळणाची सवय झालेला विद्यार्थी स्पॅनिशमध्ये महिनोन्‌महिने चुकत राहतो. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्तान लास नारान्हास' म्हणतात. यातील 'मे' म्हणजे 'मला', आणि संत्री अनेक आहेत म्हणून क्रियापद अनेकवचनी. एकच संत्रे असेल तर 'मे गुस्ता'. ही रचना आपण जन्मापासून वापरत आलो आहोत, त्यामुळे तुम्हाला ती एकदा सांगितली की पुरे. 'लहानपणी वावरात जात असे' आणि 'काल वावरात गेलो' यांत आपण जो भेद करतो, तोच भेद तेथे 'इबा' आणि 'फुई' या दोन रूपांनी होतो. 'मी' न उच्चारता नुसते 'जातो' म्हणण्याची मुभाही दोन्ही भाषांत आहे.

वऱ्हाडीबद्दल तुम्ही काहीसे संकोचाने लिहिले आहे. 'मी जेवून राहिलो' या बोलण्याला पुण्या-मुंबईत हसणारे भेटतात, पण स्पॅनिश माणूस 'एस्तोय कोमिएन्दो' म्हणतो तेव्हा त्याच्या वाक्याची धाटणी तुमच्या वाक्याच्या फार जवळची असते. त्यातील 'एस्तार' हे क्रियापद मुळात लॅटिनमधील 'उभे राहणे' या अर्थाच्या धातूपासून आलेले आहे. तेव्हा 'करून राहिलो, येऊन राहिलो' हे बोलणे सोबत घेऊनच जा.

उच्चारांतही तुमचे पारडे जड आहे. स्पॅनिश 'त' आणि 'द' हे आपल्यासारखेच दातांना जीभ लावून उच्चारायचे असतात, 'प' आणि 'क' हवा न फुंकता, आणि स्वर अवघे पाच. 'र' मात्र दोन आहेत, एक साधा आणि एक घोळवलेला. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, त्यामुळे येथे आळस चालत नाही. 'ब' आणि 'व' यांच्या उच्चारात तेथे भेद नाही, म्हणून आपण ज्याला व्हॅलेन्सिया म्हणतो ते तेथील माणसाच्या तोंडी 'बालेन्सिया'सारखे ऐकू येईल, आणि त्यातील 'स'ही स्पेनच्या बऱ्याच भागांत जीभ दातांत धरून उच्चारला जाईल.

मराठी कोठे उपयोगी पडत नाही, तेही सांगितले पाहिजे. आपल्या एका 'आहे'साठी तेथे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. 'तो शेतकरी आहे' याला पहिले लागते आणि 'तो आजारी आहे' याला दुसरे. आज-उद्या बदलणारी अवस्था म्हणजे 'एस्तार', असा ढोबळ नियम शिकवतात. पण वर्षानुवर्षे जागचे न हललेले घर कोठे आहे हे सांगतानाही 'एस्तार'च वापरतात, आणि मेलेल्या माणसासाठीसुद्धा 'एस्तार'च. हे कानावर पडून पडूनच अंगवळणी पडते. निर्जीव वस्तूंना लिंग असणे आपल्याला नवे नाही, परंतु त्यांची लिंगे आपल्या लिंगांशी जुळत नाहीत, आणि शेवटच्या अक्षरावर विसंबून चालत नाही. 'मानो' म्हणजे हात हा शब्द 'ओ'कारान्त असूनही स्त्रीलिंगी, तर 'दिया' म्हणजे दिवस हा 'आ'कारान्त असूनही पुल्लिंगी. म्हणून प्रत्येक नाम 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) लावूनच पाठ करा.

शब्दसंग्रहाची सुरुवात विमानतळ आणि हॉटेलपासून करू नका, ती बगिच्यापासून करा. छाटणी म्हणजे 'पोदा', ओलीत म्हणजे 'रिएगो', ठिबक म्हणजे 'रिएगो पोर गोतेओ', कलम म्हणजे 'इन्हेर्तो', तोडा म्हणजे 'कोसेचा'. डिंक्या रोगाला तेथे 'गोमोसिस' म्हणतात. जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधताना हात काय काय करतात, हे तुम्ही डोळे मिटूनही सांगू शकता. तीच कृती स्पॅनिशमध्ये पाच-सहा वाक्यांत लिहा आणि रोज मोठ्याने म्हणा. जे काम आपल्याला येते त्याविषयी बोलताना मोडकीतोडकी भाषासुद्धा समोरचा कान देऊन ऐकतो.

आणखी एक गोष्ट. व्हॅलेन्सियात स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियन ही दुसरी राजभाषा आहे, आणि खेड्यांत ती बरीच कानावर पडेल. गोंधळून जाऊ नका. तुमच्याशी लोक स्पॅनिश बोलतील. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता तेथील कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याचे न्यायालय बसते. कालव्यांवरील शेतकऱ्यांनी निवडून दिलेले पंच पाण्याच्या पाळीवरून झालेले तंटे तोंडी ऐकतात आणि तेथेच निकाल देतात. 2009 साली युनेस्कोने या न्यायालयाची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. कामकाज व्हॅलेन्सियनमध्ये चालते, पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचे वावर आहे अशा माणसाला तेथले निम्मे भाषेवाचूनच समजावे.

जाता जाता इशारा : पर्यटक व्हिसावर जा, कागदपत्रे तेथे गेल्यावर होतील, असे सांगणारा दलाल भेटला तर त्याला पैसे देऊ नका. त्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते आणि काम करण्याचा हक्क मिळत नाही.

प्रश्न : लग्नानंतर मी यजमानांबरोबर स्पेनमधील लोग्रोन्यो शहराजवळच्या एका गावी राहायला आले आहे. ते सकाळी कामावर जातात आणि मी दिवसभर एकटी असते. दुकानात गेले तरी बोट दाखवून वस्तू घेते आणि परत येते. मोबाइलवर धडे करते, पण तोंड उघडत नाही. सासूबाई फोनवर विचारतात, 'तिथल्या बाया तुला बोलतात का?' मी काय सांगू? (एक वाचक, माहेर ता. दिग्रस)

उत्तर : मोबाइलचा धडा दिवसातून थोडा वेळच करा. तुम्हाला धड्यांची उणीव नाही, रोज ज्यांच्याशी दोन वाक्ये बोलावीच लागतील अशा माणसांची उणीव आहे.

त्याची सुरुवात बाजारातून करा. स्पेनच्या बाजारात मासळीच्या किंवा भाजीच्या दुकानापुढे अनेकदा रांग अशी दिसत नाही. बायका इकडेतिकडे विखुरलेल्या, गप्पा मारत उभ्या असतात, आणि नवख्या माणसाला वाटते की येथे कोणताच क्रम नाही. क्रम असतो, पण तो ज्याच्या त्याच्या ध्यानात असतो. नवी आलेली बाई 'किएन एस ला उल्तिमा?' म्हणजे 'शेवटची कोण?' असे विचारते. कोणीतरी 'यो', म्हणजे 'मी', असे म्हणते. त्या बाईवर नजर ठेवायची. तिच्या पाठोपाठ आपला नंबर. मग पुढची बाई येऊन तोच प्रश्न विचारील, तेव्हा 'यो' म्हणण्याची पाळी तुमची. दवाखान्यातही हेच चालते. एक प्रश्न आणि एका अक्षराचे उत्तर एवढ्यावर तुम्ही त्या घोळक्यात सामील होता, आणि दोन-चार खेपांनंतर तोंडओळख झालेली एखादी बाई स्वतःहून काहीतरी विचारतेच. बोट दाखवून घेतलेल्या वस्तूचे नाव मात्र दुकानदाराला त्याच वेळी विचारा आणि त्याच्यासमोर उच्चारा.

दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा लिफ्टमध्ये शिरताना अनोळखी माणसांनाही 'बुएनोस दियास' म्हणण्याची रीत आहे. गुपचूप जाऊन बसणारी बाई लाजरी नव्हे, तर तुसडी वाटते. ओळख करून देताना बायका गालाला गाल लावतात. ते नको वाटत असेल तर आधी आपणच हसून हात पुढे करावा, कोणी वाईट वाटून घेत नाही. दुकानातील पोरगेलासा मुलगा तुमच्याशी एकेरीत बोलेल. स्पेनमध्ये एकेरी फार लवकर येते, तो अपमान समजू नका. मेक्सिकोत किंवा कोलंबियात वडीलधाऱ्यांशी आदरार्थी 'उस्तेद' कितीतरी अधिक वापरतात.

दुपारी दोनच्या सुमारास लहान गावातील दुकाने बंद होतात आणि पाचच्या आसपास पुन्हा उघडतात. जेवण दोन-तीनला, रात्रीचे नऊनंतर. त्यामुळे बाहेरची कामे सकाळी उरका. तुम्ही शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, कारण पुष्कळांच्या लेखी मासा आणि हाम, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, हे मांसात मोडत नाहीत. 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन' असे तिन्ही मोजून सांगा.

यजमानांबरोबर गावच्या 'आयुन्तामिएन्तो'त, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या जागी असलेल्या कार्यालयात, जाऊन रहिवासी नोंद तुमच्या स्वतःच्या नावाने झाली आहे ना, हे पाहून घ्या. या नोंदीचा दाखला आरोग्यपत्रापासून शाळाप्रवेशापर्यंत सगळीकडे लागतो, आणि कायम निवासाचा परवाना मिळेपर्यंत ती नोंद दर दोन वर्षांनी नवी करावी लागते. त्याच खिडकीवर प्रौढांच्या भाषावर्गांची चौकशी करा. अनेक ठिकाणी प्रौढशिक्षण केंद्रे असे वर्ग घेतात, तसेच रेड क्रॉस आणि कारितास या संस्थाही. तेथे मोरोक्को, रुमानिया, पाकिस्तान अशा देशांतून आलेल्या बायका भेटतात, आणि त्यांच्याशी बोलायला मोडक्या स्पॅनिशवाचून दुसरा पर्याय नसतो. भाषा तेथेच सुटते. सासूबाईंना सांगा की बाया बोलतात, पण पहिला शब्द आपण टाकावा लागतो.

प्रश्न : मुलीला नोकरीनिमित्त स्पेनला जायचे आहे. पासपोर्टवर सासरचे नाव, जन्मदाखल्यावर माहेरचे. जन्मदाखला ग्रामपंचायतीचा आहे. अडचण येईल का? (एक वाचक, ता. आर्वी)

उत्तर : अडचण येते, पण ती आधी ओळखली तर सुटते. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावे असतात, एक वडिलांकडचे आणि एक आईकडचे, आणि लग्नानंतर बाई आपले नाव बदलत नाही. त्यामुळे तेथील अर्जात 'नोंब्रे' (नाव), 'प्रिमेर आपेयिदो' (पहिले आडनाव) आणि 'सेगुन्दो आपेयिदो' (दुसरे आडनाव) असे तीन रकाने असतात, आणि आपल्याकडील तीन पदरी नाव पाहून कारकून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव पहिल्या आडनावाच्या रकान्यात टाकून मोकळा होण्याचा संभव असतो. एकदा तशी नोंद झाली की बँक, आरोग्यपत्र आणि निवासपत्र यांवर वेगवेगळी नावे उमटू लागतात. पासपोर्टवर जे 'दिलेले नाव' म्हणून छापले आहे ते संपूर्ण 'नोंब्रे'त, आडनाव पहिल्या रकान्यात, आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा, असा मुलीने आग्रह धरावा आणि पावती वाचल्याशिवाय खिडकी सोडू नये.

दोन नावांचा दुवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडते, म्हणून ते जन्मदाखल्याबरोबर तयार ठेवा. ग्रामपंचायतीकडून दाखला घेताना गावाचे आणि आईचे नाव सर्व कागदांवर एकाच इंग्रजी लिपीलेखनात आहे का, हे तेथेच तपासा. अपोस्टिल म्हणजे सरकारी कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर केलेले प्रमाणीकरण. भारत 2005 पासून अपोस्टिल करारात आहे; आधी राज्य स्तरावरील साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल आणि सर्वांत शेवटी मान्यताप्राप्त शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश अनुवाद, हा क्रम ठेवा. अनुवाद आधी करून घेतल्यास अपोस्टिलचा मजकूर त्यात येत नाही आणि पैसे पुन्हा मोजावे लागतात.

प्रश्न : स्पॅनिशची परीक्षा देणे गरजेचे आहे का? (एक वाचक, ता. दर्यापूर)

उत्तर : जाऊन राहण्यासाठी सरसकट नाही, अभ्यासक्रम किंवा नोकरीची अट असेल तर आहे. पुढेमागे स्पॅनिश नागरिकत्व घ्यायचे झाल्यास भारतीयांना सर्वसाधारणपणे दहा वर्षांचा कायदेशीर निवास लागतो आणि देले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेची निदान ए-2 ही प्राथमिक पातळी, तसेच राज्यघटना व समाजजीवनावरील 25 प्रश्नांची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. देले परीक्षा इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था घेते. नवी दिल्लीत तिचे केंद्र आहे.

प्रश्न : माझा नातू सहा वर्षांचा आहे. बार्सिलोनाला शाळेत जातो. सून म्हणते, त्याला शाळेत दोन-दोन भाषा आहेत, मराठीचे ओझे नको. मी फोनवर त्याच्याशी हिंदी बोलू का? (एक आजी, ता. मंगरूळपीर)

उत्तर : आजी, तुम्ही मराठीच बोला, आणि घरात बोलता तशीच बोला. बार्सिलोनाच्या शाळांत शिकवण्याची मुख्य भाषा कातालान ही तेथील प्रादेशिक भाषा असते आणि स्पॅनिश तो मैदानावर, शेजारात उचलतो. सहा वर्षांच्या मुलाला तीन भाषा जड जात नाहीत. घरात मोठी माणसे स्वतः शिकत असलेली अर्धीमुर्धी स्पॅनिश त्याच्याशी बोलू लागली, तर त्याला ना धड मराठी मिळते ना धड स्पॅनिश. सूनबाईंना आमच्या वतीने आणखी एक सांगा : मुलाची स्पॅनिश लवकरच आईबापांच्या पुढे जाईल, तेव्हा डॉक्टरकडे किंवा कार्यालयात त्याला दुभाषा म्हणून पुढे करू नये. आईच्या दुखण्याची हकीकत सहा वर्षांच्या पोराने परक्या माणसाला समजावून सांगावी, हे बरे नाही.

फोन शक्यतो ठरलेल्या वेळी करा. स्पेनचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास मागे असते. शाळेतून तो पाचच्या सुमारास घरी येत असेल, तर तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ वाजलेले असतील.