बंदी विक्रीवर आहे, उपचारांवर नाही

ताई, मुलाच्या दप्तरात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडल्याचं तुम्ही लिहिलंय आणि विचारलंय, की बंदी असूनही हे होत असेल तर बंदीचा उपयोग काय? माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही याच वाटेने गेलोय, म्हणून लिहिते.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते एक व्यसनमुक्ती केंद्र. नाव घेत नाही. तिथल्या अर्जात सिगारेट, विडी, गुटखा यांचे रकाने होते, व्हेपचा नव्हता. "ही तर बंद आहे ना? मग मिळाली कुठून?" एवढीच चौकशी झाली. ती रोज किती ओढते, झोप लागते का, हे कुणी विचारलंच नाही. आरोपी असल्यासारखं उभं केल्यावर ती पुढे कित्येक महिने कुठल्याच डॉक्टरकडे यायला तयार होईना. तेवढ्या काळात व्यसन आणखी घट्ट झालं. याचा राग अजून गेलेला नाही.

ई-सिगारेटबंदीचा २०१९चा कायदा उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा यांवर आहे. ओढणाऱ्याला शिक्षा सांगणारं वेगळं कलम त्यात नाही. (मी वकील नाही, डॉक्टरही नाही.) म्हणून दवाखान्यात सरळ "निकोटिनचं व्यसन आहे" असं सांगा आणि मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड सर्वांत जास्त असते, झोप आणि लक्ष काही आठवडे विस्कळीत राहतं. त्या दिवसांत परीक्षेवरून बोलू नका. निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगगम मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका.

माझं मत विचाराल तर विक्रीबंदी हवीच. व्हेपच्या द्रवातल्या ‘निकोटिन सॉल्ट’ या निकोटिनच्या प्रकारामुळे घशाला फारसं न बोचता भरपूर निकोटिन आत जातं, त्यात फळांचे स्वाद. कधी सिगारेट न ओढलेलं पोरही अडकतं. सिगारेट सोडायला व्हेपची मदत होते, हा विरोधी बाजूचा मुद्दा मोठ्या माणसांपुरता मला मान्य आहे, त्याला संशोधनाचा आधारही आहे. पण व्हेपला मुभा देणाऱ्या ब्रिटननेसुद्धा १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपची विक्री थांबवली. आपल्याकडे उणीव आहे ती बंदीनंतरच्या उपचारांची. आधीच अडकलेल्या मुलांनी जायचं कुठे, याची सोय बंदीबरोबरच व्हायला हवी होती.

आणखी एक. घरात लहान मूल असेल तर सापडलेलं व्हेपमधलं द्रव उघड्या कचऱ्यात टाकू नका. ते पोटात गेलं तर थोडंसुद्धा विषारी ठरू शकतं.