पावतीवर ‘शिकार’ हा शब्दच नाही

कोल्हापुरातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. नाव-गाव मुद्दाम गाळतो, बाकी मजकूर थोडक्यात असा:

“वडिलांची बारा बोअरची डबल बारी बंदूक त्यांच्या पश्चात रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली आहे. चंदगडच्या बाजूला मालकीच्या रानात रानडुकराची शिकार घडवणारा एक क्लब आहे. आजीव सदस्यत्व १ लाख ७५ हजार, शिवाय दरसाल १५ हजार. वर्षाला सहा फेऱ्या, शेतकऱ्यांचं परमिट क्लबकडे आणि मटणात वाटा. मी २५ हजार ॲडव्हान्स भरला आहे, उरलेले महिनाअखेर द्यायचे आहेत. टेक्सासमधला मामेभाऊ तिथल्या शिकार क्लबात आहे. तो म्हणतो, पैसे वसूल होतात. बायको म्हणते, एवढ्यात दोन म्हशी येतील. भरू का? नाही भरले तर २५ हजार परत मिळतील का? जाता जाता, घरात आजोबांच्या वेळची गव्याची शिंगं भिंतीवर आहेत, त्याचं काही नाही ना?”

वहिनींचा हिशेब तुमच्यापेक्षा पक्का आहे, हे आधी सांगतो. तरी तुमचा हिशेब करून पाहिला. दहा वर्षांचे ३ लाख २५ हजार, साठ फेऱ्या, म्हणजे फेरीमागे साधारण ५,४०० रुपये. मामेभाऊ असाच हिशेब घालत असणार, आणि त्याच्यापुरता तो बरोबर आहे. टेक्सासात बहुतेक जमीन खाजगी आहे. तिथला क्लब सभासदाला त्या जमिनीवर जाण्याचा हक्क विकतो आणि शिकारीचं लायसन्स सरकारकडून वेगळं काढावं लागतं. शिकार कायदेशीर असल्यामुळे तिथे फक्त पैसे वसूल होतात का, एवढंच बघायचं असतं.

आपल्याकडे जमीन तुमची असली तरी तिच्यावरून पळणारं डुक्कर तुमचं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे, मग रान मालकीचं असो की सरकारी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं, असं समजू नका. कायद्याच्या व्याख्येत फासकी लावणं, आमिष ठेवणं, हाका घालणं (आरडाओरडा करून जनावर बंदुकीसमोर हाकलणं) आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्नही येतो. “मी बंदूक चालवलीच नाही, नुसता हाक्याला उभा होतो” हा बचाव मी अशिलांकडून बऱ्याचदा ऐकला आहे. तो बचाव नसतो, कबुलीजबाब असतो.

आता परमिटकडे येऊ, कारण क्लबचा सगळा धंदा त्या एका शब्दावर उभा आहे. कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, अनुसूची दोनमधला प्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल तर, कारणं नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. तो आदेश अमुक रानातल्या अमुक उपद्रवापुरता असतो. सभासदांच्या करमणुकीसाठी वर्षाला सहा वेळा वापरायचा पास नव्हे. क्लबला एवढंच विचारा: आदेशाचा जावक क्रमांक काय, गट नंबर कुठला, मुदत कधीपर्यंत आणि गोळी कोणी घालायची असं लिहिलंय? “परमिट आमच्या साहेबांकडे असतं” असं उत्तर आलं तर समजून जा.

परमिट खरं निघालं तरी मटणाचा वाटा खोटाच. कलम ११ खाली मारलेला प्राणीसुद्धा कलम ३९ नुसार राज्य सरकारची मालमत्ता होतो. केंद्राने एखाद्या भागापुरतं रानडुक्कर उपद्रवी जाहीर केलं असेल तर गोष्ट वेगळी. तशी अधिसूचना असल्यास क्लबने दाखवावी. नसेल तर डब्यातून घरी आणलेलं ते मटण म्हणजे मुद्देमाल. आणि कलम ५७ प्रमाणे ते तुमच्याकडे बेकायदा नव्हतं, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल.

शिक्षा किती? रानडुकरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण रात्री बॅटरीच्या उजेडात झुडपामागचं काळं धूड डुक्कर आहे की गव्याचं पिल्लू, हे कळायच्या आत बार निघतो. गवा अनुसूची एकमधला. त्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं, वर किमान २५ हजार दंड. अभयारण्याच्या हद्दीत सापडलात तर प्राणी कुठलाही असो, हीच शिक्षा. याच कायद्याखाली आधी शिक्षा झालेली असेल, तर अशा गुन्ह्यात जामिनालाही कलम ५१-अ आडवं येतं. हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतील, एवढाच काय तो दिलासा. गुन्हा शाबित झाला तर गाडी आणि बंदूक सरकारजमा होते. कोर्ट बंदुकीचा परवाना रद्द करून पाच वर्षं नवा मिळणार नाही, असाही आदेश देऊ शकतं. वडिलांची आठवण म्हणून जी बंदूक तुम्ही एवढ्या खटपटीने नावावर करून घेतलीत, ती पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत गंजेल. परवान्यावर हेतू काय लिहिलाय तेही आजच वाचा. स्वसंरक्षण किंवा पीकसंरक्षण लिहिलं असेल आणि बंदूक घेऊन तुम्ही क्लबबरोबर हिंडलात, तर अटीभंगाचं शस्त्र अधिनियमाचं कलम ३० वेगळं लागतं.

म्हणजे उरलेले दीड लाख भरायचे नाहीत. आता अडकलेल्या २५ हजारांचं.

पत्रासोबत पाठवलेली पावती मी नीट पाहिली. छापील पुस्तकातली, ‘निसर्ग सहल व क्रीडा शुल्क’ असा शिक्का, रक्कम अक्षरी, खाली न वाचता येणारी सही. नोंदणी क्रमांक आहे, पत्ता नाही. शिकार, परमिट, चंदगड यातला एकही शब्द नाही. लिहिणारा हुशार आहे. उद्या धाड पडली तर तो म्हणेल, आम्ही सहल काढली होती, बंदूक या गृहस्थांनी आणली. आणि त्या नोंदणी क्रमांकाने भुलू नका. नोंदणीमुळे संस्था अस्तित्वात आहे एवढंच कळतं. ती जे विकते ते कायदेशीर आहे, असं त्यातून ठरत नाही.

बेकायदा हेतूचा करार भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २३ नुसार रद्दबातल असतो. कलम ६५ म्हणतं, करार रद्दबातल असल्याचं नंतर उघड झालं तर घेतलेला लाभ परत करावा लागतो. यातला ‘नंतर’ महत्त्वाचा. बेकायदा आहे हे माहीत असून पैसे देणाऱ्याला कोर्ट सहसा दारात उभं करत नाही. तुमची बाजू अशी की, परमिट आहे हे क्लबचं म्हणणं तुम्ही खरं मानलंत आणि एकाही फेरीला गेला नाहीत. ही बाजू आज भक्कम आहे. एकदा जरी रानात गेलात, तरी संपली.

म्हणून या आठवड्यात स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. कलम ११ च्या आदेशाची प्रत मागा, ती पंधरा दिवसांत न मिळाल्यास सदस्यत्व नको आणि रक्कम परत हवी, असं लिहा. “पैसे द्या, नाहीतर वनखात्याला कळवतो” हे वाक्य मात्र चुकूनही लिहू नका. गुन्हा नोंदवण्याची धमकी देऊन पैसे मागितले की खंडणीचा आरोप तुमच्यावरच उलटू शकतो. वनखात्याला कळवायचं असेल तर सरळ १९२६ या हेल्पलाइनवर कळवा, पैशांशी त्याचा संबंध जोडू नका. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून रागारागाने बाहेर पडून चॅट पुसू नका. परमिटची आणि मटणाची आश्वासनं तिथेच आहेत, पावतीवर नाहीत.

पत्राला उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे भरल्याची तारीख आणि पावती जपून ठेवा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते. परमिट आहे असं खोटं सांगून पैसे काढले, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीतही बसू शकतं. पण आधी आयोगाकडे जा. पोलीस ठाण्यात २५ हजारांसाठी किती चकरा माराव्या लागतात, ते मी पाहिलंय.

बंदुकीची हौस मला कळते. दाजीपूरचं रान एके काळी संस्थानाची शिकारीची राखीव जागा होतं, नवीन राजवाड्यातले पेंढा भरलेले वाघ आपण सगळ्यांनी लहानपणी तोंड उघडं टाकून पाहिलेत. पण तेच दाजीपूर १९५८ पासून अभयारण्य आहे, आणि त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याही आपल्याच. नेम धरायचा तर या शहरात रेंजवर धरा. तिथेही फी भरण्याआधी रेंजचा परवाना, प्रशिक्षकाचे तास आणि काडतुसांचा दर विचारा. तिथला हिशेब मात्र मामेभावासारखा घालता येईल.

तुमचा ‘जाता जाता’चा प्रश्न मला सगळ्यात जड वाटतो. गव्याची शिंगं घरात ठेवायला मालकी प्रमाणपत्र लागतं. वारशाने आलेल्या वस्तूची माहिती वारसाने ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना लेखी कळवायची असते. आजोबांच्या, वडिलांच्या ट्रंकेत जुनं प्रमाणपत्र किंवा घोषणापत्राची नक्कल शोधा. सापडली आणि वडील जाऊन ९० दिवस झाले नसतील, तर तिच्या आधारे तुमच्या नावाने लगेच कळवा. सापडली नाही, किंवा मुदत टळली असेल, तर शिंगं भिंतीवरून काढून माळ्यावर लपवू नका, कोणाला भेट देऊ नका, विकू नका. वडिलांचा मृत्यूदाखला घेऊन आधी मला भेटा, वनखात्याकडे अर्ज कसा करायचा ते समोर बसून ठरवू. आणि क्लबच्या ग्रुपवर त्या शिंगांखाली बंदूक घेऊन काढलेला फोटो टाकला असेल, तर तेही तेव्हाच सांगा.