वाचक विचारतात : संत गिनफोर

प्रश्न : मध्ययुगीन फ्रान्समध्ये गिनफोर नावाच्या एका कुत्र्याला संत मानत, असं वाचलं. त्याच्या स्थानी नेमकं काय करत असत?

उत्तर : ठिकाण ल्यों शहराच्या उत्तरेचं, दोंब प्रदेशातलं. माहिती येते ती एतिएन द बुर्बों या डॉमिनिकन (कॅथलिक साधूंच्या एका संघातल्या) धर्मोपदेशकाकडून, म्हणजे ही कुत्र्याची भक्ती मोडून काढणाऱ्याकडूनच. त्यानं ती १२५० च्या सुमारास लिहिली. दंतकथा अशी : गढीतल्या बाळावर चाल करून आलेल्या सापाला ग्रेहाउंड कुत्र्यानं फाडलं. झटापटीत पाळणा उलटला. रक्तानं माखलेलं त्याचं तोंड पाहून मालकानं त्यालाच तलवारीनं मारलं. बाळ सुखरूप सापडल्यावर कुत्र्याला विहिरीत टाकून वर दगड रचले, भोवती झाडं लावली. पंचतंत्रातलं मुंगूस आठवलं असेल, तर ते बरोबर आहे. ही एकाच कुळातली गोष्ट.

विधी मात्र गोष्टीपेक्षा फार वेगळा. आजारी मूल आपलं नसून रानातल्या भुतांनी बदलून ठेवलेलं आहे, अशी समजूत होती. विधी जाणणारी एक म्हातारी आईबरोबर असे. मीठ वाहायचं, बाळाची दुपटी झुडपांवर टांगायची, झाडांत खिळे ठोकायचे. मग दोन खोडांमधून उघडं बाळ एकीनं दुसरीकडे फेकायचं, असं नऊ वेळा. 'तुमचं घ्या, आमचं द्या' हे मागणं भुतांपाशी. त्यानंतर बाळाला पाळण्यातल्या पेंढ्यावर झाडाखाली ठेवून बोटाच्या पेराएवढ्या मेणबत्त्या लावायच्या आणि त्या विझेपर्यंत, रडणं ऐकू येणार नाही इतकं दूर जायचं. पेंढा, मेणबत्ती आणि जवळ कुणी नाही! काही मुलं भाजून मेल्याचं एतिएननं नोंदवलं आहे. वाचलेल्याला शालारोन नदीच्या वेगवान पाण्यात नऊ बुचकळ्या. त्यातून जगलं, तर ते काटक.

प्रश्न : चर्चनं या संताला मान्यता दिली होती का?

उत्तर : कुत्र्याला कधीच नाही. पण इटलीत पावियाला याच नावाच्या माणूस-संताची भक्ती होती. नुसतं नाव वाचून दोघांची गल्लत होते. एतिएननं कुत्र्याची हाडं उकरून झाडांसकट जाळली, आणि तिथं पुन्हा जाणाऱ्याची मालमत्ता जप्त होईल, असा हुकूम जमीनदारांकडून काढवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौकशी झाली, तेव्हाही आजारी मुलांसाठी बायका त्या राईत जात होत्या.